गावच्या राउटरला पुण्यातून हात लावायचा असेल तर

"बाबा, डब्यावर कुठला दिवा लागलाय?"

"दोन हिरवे. एक लाल."

"लाल दिव्याखाली काय लिहिलंय?"

"थांब, चष्मा आणतो."

चष्मा सापडेपर्यंत मी ऑफिसच्या जिन्यात उभा. पाच मिनिटांनी उलगडा झाला, की लाल दिवा टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा होता. राउटर दुसऱ्या खोलीत, कपाटावर. नेट का बंद होतं ते त्या दिवशी कळलंच नाही. संध्याकाळी आपसूक सुरू झालं.

त्यानंतरच्या दिवाळीत चिपळूणला गेलो, तेव्हा एक अख्खी दुपार त्या कपाटापाशी घालवली. तेव्हापासून वायफायचा पासवर्ड बदलणं, अनोळखी फोन हाकलणं, राउटर रीस्टार्ट करणं ही कामं मी पुण्यात बसून करतो. ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि ज्यांनी राउटरचं पान आजवर उघडूनही पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबून करायच्या कामाची सगळी तयारी घरी असतानाच करावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्याला पोचल्यावर "आता जोडू या" म्हणाल तर फार थोडं हाती लागेल. तेव्हा पुढच्या सुट्टीतली एक दुपार राखून ठेवा.

इथे आकडे देवनागरीत लिहिलेत. ब्राउझरमध्ये टाकताना ते इंग्रजी आकड्यांतच टाका. मेनूतली नावंही तुमच्या राउटरवर इंग्रजीत असतील आणि थोडी इकडची तिकडे असतील. शोधावी लागतील.

आधी घरातल्या घरात पान उघडा

पहिल्यांदा डबे मोजा. काही घरांत एकच डबा असतो: फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर त्यातच जाते आणि वायफायही तोच देतो. काही घरांत दोन असतात. एक नेट कंपनीचा फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, आणि दुसरा आपण दुकानातून आणलेला राउटर. दोन असतील तर दोघांवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत "१ फायबर" आणि "२ वायफाय" असं लिहा. फोनवर "तो काळा डबा" म्हणायचं आणि दोन्ही डबे काळे निघायचे, हा प्रकार थांबतो.

मग डबा उलटा करून मागच्या स्टिकरचा फोटो काढा. मॉडेल क्रमांक, वायफायचं मूळ नाव, मूळ पासवर्ड, आतल्या पानाचा पत्ता, सगळं त्यावर असतं. दोन पावसाळ्यांनी ती अक्षरं पुसट होतात, फोटो तसाच राहतो.

आता फोन किंवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडा, फोनवरचा मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. जिओफायबरच्या डब्यांवर सहसा १९२.१६८.२९.१ दिसतो. स्टिकर गेलाच असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात "गेटवे" नावाची ओळ असते, तिथला आकडा तोच. ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणून कुरकुरला तर घरातल्या घरात ते चालतं, पुढे जा.

लॉगिन झालं की पहिलं काम म्हणजे अॅडमिनचा पासवर्ड बदलणं. इथे नवखे लोक नेहमी गोंधळतात. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि अॅडमिनचा वेगळा. पहिला पाहुण्यांना सांगायचा असतो. दुसरा राउटरच्या तिजोरीची किल्ली आहे, तो शेजाऱ्यांच्या बंटीलाही सांगायचा नाही. दोन्ही कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शहाणे लोक सांगतात, पण गावच्या घरी वीजबिलांच्या फाइलीत ठेवलेला कागद ही मला तरी सगळ्यात भरवशाची जागा वाटते. रशिया किंवा चीनमधला चोर ती फाइल उघडायला चिपळूणला येणार नाही.

त्याच पानावर अजून तीन गोष्टी उरकून घ्या. डब्ल्यूपीएस बंद करा; बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडायची ती सोय आहे आणि तिची पिन फोडता येते हे २०११ सालापासून जगजाहीर आहे. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. आणि "इंटरनेट" किंवा "वॅन" नावाच्या पानाचा फोटो काढा, विशेषतः तिथे पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची पद्धत) लिहून त्याखाली युजरनेम असेल तर. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, म्हणून तो लाइनमनकडून विचारून त्याच कागदावर लिहा. उद्या कुणी डब्याच्या भोकात टाचणी घालून रीसेट केलं, तर नेट परत आणायला हेच दोन शब्द लागतात आणि नेमके तेच कुणाकडे नसतात.

बाहेरून तुमच्या घराला पत्ता आहे का?

हे समजून न घेता लोक तासन्‌तास सेटिंगशी झटापट करत बसतात, म्हणून जरा थांबतो.

हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. आतल्या कुणी जेवण मागवलं तर वॉचमन डिलिव्हरीवाल्याला सोडतो, कारण वर्दी आतून आलेली असते. पण कुणी आपणहून गेटवर येऊन "आत जायचंय" म्हणाला तर वॉचमन त्याला परत पाठवतो. राउटर हा तसला वॉचमन आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे सोसायटीच्या आतले फ्लॅट नंबर. ते लाखो घरांत तेच असतात, बाहेर त्यांना काही अर्थ नसतो. बाहेरच्या जगासाठी राउटरला एक वेगळा, सार्वजनिक पत्ता असावा लागतो.

अडचण अशी, की जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि वाटायला शिल्लक असलेला त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून पुष्कळ नेट कंपन्या आता शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे तुमच्या सोसायटीबाहेर आणखी एक मोठी टाउनशिप, आणि तिच्या गेटवर कंपनीचा वॉचमन. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तिथे तुम्ही घरच्या राउटरमध्ये कितीही दरवाजे उघडा, बाहेरचा माणूस टाउनशिपच्या गेटवरच अडकतो.

आपलं घर कुठल्या प्रकारात आहे ते दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या "स्टेटस" पानावर "वॅन आयपी" समोरचा आकडा लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलवर इंग्रजीत "what is my ip" असं शोधा आणि निघालेल्या एखाद्या साइटवर चार भागांचा आकडा पाहा. दोन्ही जुळले तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता आहे. जुळले नाहीत, किंवा राउटरच्या आकड्याचा पहिला भाग नुसता १० असेल किंवा तो आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही टाउनशिपमध्ये आहात. राउटरवर १९२.१६८ दिसला तर मात्र कंपनीचा डबा वर बसलाय आणि तुमचा राउटर त्याच्या पोटात आहे. मग आधी त्या पहिल्या डब्याचं स्टेटस पाहा.

चिपळूणच्या राउटरवर आकडा १०० ने सुरू झाला. मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, बरंच झालं. एका मोहातून वाचलो.

तो मोह

बऱ्याच राउटरांत "रिमोट मॅनेजमेंट" नावाची सोय असते. ती चालू केली, की सार्वजनिक पत्ता टाकून जगातून कुठूनही राउटरचं लॉगिन पान उघडतं. कुठूनही आणि कुणालाही. टीपी-लिंकच्या जुन्या पानांवर तिथे पत्ता भरायची जागा असते: ०.०.०.० म्हणजे बंद, आणि २५५.२५५.२५५.२५५ म्हणजे सगळ्या जगाला खुलं. नेटवरचे कित्येक व्हिडिओ हा दुसरा आकडा बिनदिक्कत भरायला सांगतात.

मिराई नावाच्या किड्याने २०१६ मध्ये काय केलं ते या व्हिडिओवाल्यांनी वाचायला हवं. "अॅडमिन-अॅडमिन" छापाच्या साठेक ठरावीक जोड्या घेऊन तो इंटरनेटभर कॅमेरे आणि राउटरांची दारं ठोठावत फिरला आणि जी उघडली ती उपकरणं त्याने आपल्या फौजेत भरती केली. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटच्या नावांवरून त्यांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडाने जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर लोळवले. त्यासाठी वापरलेलं दार होतं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट, जे नेट कंपन्या स्वतः राउटर लांबून सांभाळण्यासाठी वापरतात.

तेव्हा घरी असताना "रिमोट मॅनेजमेंट" शोधा आणि ते बंद आहे याची खात्री करा. कुणीतरी पूर्वी चालू करून ठेवलेलं सापडण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. ते चालू ठेवल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर निदान एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, हवं, आणि आत येण्याची मुभा तुमच्या ऑफिसच्या एकाच ठरलेल्या पत्त्याला हवी. तसा कायमचा पत्ता घरगुती माणसाकडे सहसा नसतो. मग सोडून द्या.

मग आत शिरायचं कसं?

घरात आधीच बसलेलं काहीतरी वापरायचं. आतून वर्दी गेली की वॉचमन सोडतो, हे वर पाहिलं ना. पुढचे सगळे रस्ते याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे टाउनशिपमधल्या घरांनाही चालतात.

सगळ्यात सोपा रस्ता नेट कंपनीच्याच अॅपचा. मायजिओ किंवा एअरटेल थँक्ससारख्या अॅपमधून वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलण्याची सोय मिळते. अट एवढीच, की जोडणी ज्या मोबाइल नंबरवर नोंदलीय त्यावर येणारा ओटीपी हवा. तो नंबर बाबांचा असतो आणि बाबा दुपारी झोपतात. घरी असतानाच अॅपमध्ये लॉगिन करून घ्या. कुणाकुणाला एवढंच पुरेल; त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

दुसरा रस्ता राउटर बनवणाऱ्याच्या अॅपचा. टीपी-लिंकचं टेदर, त्यांच्याच डेकोचं वेगळं अॅप, असूसचं स्वतःचं, अशी ती आहेत. घरच्या वायफायवर असताना अॅपमध्ये खातं काढायचं आणि राउटर त्या खात्याला बांधायचा. मग कंपनीच्या सर्व्हरमार्फत तो कुठूनही दिसतो. सगळ्या मॉडेलांना ही सोय नसते, टेदर चालणाऱ्या सगळ्या राउटरांना तर नक्कीच नसते, म्हणून नवा राउटर घेताना दुकानदाराला "क्लाउड सपोर्ट आहे का" एवढं विचाराच. यात घराची एक किल्ली कंपनीच्या हाती राहते, हे मान्य असेल तरच जा. खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि दुहेरी पडताळणी मिळत असेल तर चालू करा.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात राउटर कुठलाही चालतो. घरात जुना संगणक पडून असतोच. तो राउटरच्या शेजारी ठेवा आणि वायफायने न जोडता लॅन केबलने जोडा. केबलच का, ते पुढे येईल. त्यावर क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका; संगणकाचा पडदा लांबून उघडणारी ती गूगलची सोय. गूगल खात्याने लॉगिन करा, "रिमोट अॅक्सेस" चालू करा, संगणकाला नाव द्या आणि किमान सहा अंकी पिन ठरवा. जन्मतारीख नको. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप "कधीच नाही" वर ठेवा. झोपलेला संगणक कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. आता पुण्यातून तो पडदा उघडायचा आणि त्या पडद्यातल्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं. राउटरच्या दृष्टीने तुम्ही घरातच बसलेले असता.

संगणक नसेल तर बाबांच्या फोनवरही काम निभतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्क्रीन शेअर करायची, ब्राउझर त्यांनीच उघडायचा, बोटं त्यांची आणि डोळे आपले. वेळ लागतो, पण जमतं. फोनचा ताबा देणारी एनीडेस्कसारखी अॅपं मात्र मी आईबाबांच्या फोनवर ठेवत नाही. याच अॅपच्या आडून लोकांचे पैसे लुटले जातात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता, आणि "मी बँकेतून बोलतोय, अॅप उघडा" म्हणणाऱ्याला अॅप आधीच बसवलेलं मिळालं तर त्याचं अर्धं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

चौथा रस्ता खासगी बोगद्याचा, म्हणजे व्हीपीएनचा. सार्वजनिक पत्ता असेल आणि राउटरमध्येच वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनचा सर्व्हर असेल, तर तो चालू करा; बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देण्यासाठी सोबत डीडीएनएस लागेल. नो-आयपीसारख्या सेवेचं फुकट नाव दर ३० दिवसांनी "हो, वापरतोय" असं सांगून टिकवावं लागतं, आणि ते विसरायला होतं. टाउनशिपमधल्या घरांसाठी टेलस्केल नावाचं तयार व्हीपीएन बरं. तेही आतून वायरगार्डच वापरतं, घरगुती वापराला फुकट आहे आणि दोन्ही बाजू आतून बाहेर येऊन एकमेकांना भेटत असल्यामुळे गेटवर अडत नाही. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर ते टाका, तुमच्या फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. टेलस्केल प्रत्येक उपकरणाला १०० ने सुरू होणारा पत्ता देतं. मघाच्या टाउनशिपच्या आकड्याशी त्याची गल्लत करू नका.

राउटरपर्यंत पोचायचं तर घरच्या उपकरणाला "सबनेट राउटर" करावं लागतं: घरातल्या १९२.१६८ च्या अख्ख्या गल्लीची वाट माझ्याकडून जाते, असं त्याने जाहीर करायचं. इथे लोक हमखास दोन ठिकाणी अडतात. एक तर जाहीर केलेला रस्ता टेलस्केलच्या वेबपानावर जाऊन मंजूर करावा लागतो. तो केला नाही तर काहीच उघडत नाही आणि चूकही दिसत नाही. दुसरं, उपकरणाची ओळख १८० दिवसांनी मुदतबाह्य होते. त्याच वेबपानावर घरच्या उपकरणापुरती ही मुदत बंद करा, नाहीतर दिवाळीत घातलेला बोगदा बरोबर मे महिन्याच्या सुट्टीआधी बुजतो.

आणि तिसरी गंमत माझ्या अंगाशी आलेली. पुण्याचा माझा राउटरही १९२.१६८.१.१ वर आणि चिपळूणचाही तिथेच. एका रात्री मी चिपळूणचं पान उघडून वायफायचा पासवर्ड बदलला, सेव्ह केलं, आणि माझाच लॅपटॉप नेटवरून उडाला. बायकोची मीटिंग चालू होती, तीही उडाली. पान पुण्याचं होतं. दोन्ही घरचा अॅडमिन पासवर्ड मी सारखाच ठेवल्यामुळे लॉगिनलाही शंका आली नाही. तेव्हा दोन गोष्टी करा. पासवर्ड वेगवेगळे ठेवा; आणि गावच्या राउटरच्या "लॅन" पानावर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.७७.१ असा काहीतरी करून टाका. तो बदलला की सगळी उपकरणं क्षणभर तुटून परत जोडली जातात, म्हणून हे काम घरी असतानाच.

लांबून काय करावं आणि कशाला हात लावू नये

आत पोचलात की पहिल्यांदा "बॅकअप" शोधा आणि सध्याची सगळी सेटिंग एका फाइलीत उतरवून घ्या. मग एका वेळी एकच बदल, सेव्ह, आणि सगळं चालतंय ना ते बघणं. पाच बदल एकदम केले आणि नेट गेलं, तर कुठल्या बदलाने गेलं हे शोधायला एसटीचं तिकीट काढावं लागतं.

वायफायचा पासवर्ड बदलताना केबलचं महत्त्व कळतं. मदतीचा संगणक वायफायवर असेल तर तुम्ही "सेव्ह" दाबता, पासवर्ड बदलतो आणि संगणक जुन्या पासवर्डसकट बाहेर फेकला जातो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड. केबलवाल्याला काही फरक पडत नाही. तरीही बदलण्याआधी घरी फोन करून सांगा. टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन सगळ्यांत नवा पासवर्ड टाकावा लागणार आहे. राउटरच नवा घेत असाल तर उलटी युक्ती करा: नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, घरातली सगळी उपकरणं न विचारता जोडली जातात.

मला सर्वांत उपयोगी पडलेली सोय म्हणजे गेस्ट नेटवर्क. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की आमच्या घरात पंधरावीस फोन वाढतात, आणि पहिल्या चहाच्या आधी पासवर्ड विचारला जातो. पूर्वी विसर्जनानंतरही तो पासवर्ड निम्म्या वाडीला पाठ असायचा. आता चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी पुण्यातून गेस्ट नेटवर्क चालू करतो, सोपा पासवर्ड ठेवतो आणि "घरातली उपकरणं पाहण्याची मुभा" बंद ठेवतो. पाहुण्यांना नेट मिळतं, राउटरचं पान आणि कॅमेरा त्यांना दिसत नाही. गौरी-गणपती गेले की बंद.

वायफाय रेंगाळतंय अशी तक्रार असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झचं चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर ठेवून पाहा. बाकीची चॅनलं शेजारच्यांवर चढतात. घरातले वायफायचे बल्ब, प्लग, स्वस्तातले कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात, म्हणून ते बंद करू नका. आणि डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावांचे पत्ते कुणाला विचारायचे त्या रकान्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ सारखं ओळखीचं काही नसून भलताच आकडा हाताने भरलेला दिसला तर सावध व्हा. राउटरमध्ये शिरलेले चोर हाच आकडा बदलतात, म्हणजे बँकेचा पत्ता टाकला की भलतंच पान उघडतं. कंपनीने आपोआप दिलेला आकडा असेल तर हरकत नाही.

लांबून करू नयेत अशा गोष्टी: फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, लॅनचा पत्ता, वॅनचा प्रकार, फॅक्टरी रीसेट. फर्मवेअर चढत असताना लाइट गेली तर राउटरची वीट होते, आणि कोकणात जुलैत लाइट कधी जाईल हे महावितरणलाही सांगता येणार नाही. अपडेट करणं जरुरीचं आहेच, पण डबा इन्व्हर्टरवर असताना किंवा स्वतः समोर बसून.

रोजच्या रडगाण्यांसाठी राउटरमध्ये "रीबूट शेड्यूल" असेल तर आठवड्यातून एकदा पहाटे चारची वेळ लावा. याऐवजी राउटर वायफायच्या स्मार्ट प्लगवर लावण्याची हौशी कल्पना मलाही सुचली होती. फोनवरून प्लग बंद केला, राउटर बंद झाला, वायफाय गेलं, आणि प्लगला परत चालू हो म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही. बाबांनी उठून बटण दाबलं.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर मात्र राउटरशी खेळू नका. त्याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाहीये: झाड पडलंय, खांब हललाय, किंवा आमच्याकडे होतं तसं, वानरं वायरीवर झोके घेऊन गेलीत. सरळ लाइनमनला फोन. एवढी एकच गोष्ट आईबाबांना शिकवली तरी निम्मे फोन कमी होतात.

निघण्याआधीच्या तीन परीक्षा

पहिली: स्वतःच्या फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि निवडलेल्या रस्त्याने राउटरचं पान उघडा. वायफायवर राहून केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

दुसरी: त्याच रस्त्याने, मोबाइल डेटावरूनच, राउटर रीस्टार्ट करा. दोनतीन मिनिटं थांबा आणि पुन्हा आत शिरून पाहा.

तिसरी: घरातला मेन स्विच पाडा. पाच मिनिटांनी वर करा. आता काहीही हात न लावता, लांबून सगळं परत उघडतंय का?

माझा संगणक या तिसऱ्या परीक्षेत नापास झाला. लाइट आली, राउटर उठला, संगणक मात्र बटण दाबायची वाट बघत बसला. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, "वीज परत आल्यावर चालू हो" अशा अर्थाची एक सेटिंग असते, ती "ऑन" केल्यावर तो आपोआप उठायला लागला. डेस्कटॉपवर ती बहुधा सापडते, लॅपटॉपवर क्वचितच; लॅपटॉपला त्याची बॅटरी तगून असेपर्यंत गरज पडत नाही. राउटर आणि फायबरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर लाइट गेल्यावरही काही तास नेट टिकतं. घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा, आणि दोन डबे असतील तर दोघांनाही जोडा. आम्ही आधी फक्त राउटरला जोडला होता. लाइट गेली की वायफायचे पाचही दांडे दिसायचे आणि नेट काही यायचं नाही.